काळ्या शाईतल्या दोन रेषा

भोपाळच्या एमपी नगरातल्या ऑफिसात माझं काम म्हणजे आकड्यांची चित्रं करायची. नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की डोळा आकडे बघत नाही, वस्तू बघतो. ठिपके जवळजवळ दिसले की त्यांचा पुंजका करतो. रेषा सरळ चालली असेल तर ती पुढेही सरळच जाणार असं धरून चालतो. दोन रेषा मध्ये येऊन नुसत्या टेकल्या आणि मागे वळल्या, तरी त्याला फुलीच दिसते. म्हणून रंगावर विसंबू नका, प्रत्येक रेषेचं नाव तिच्या टोकाशी लिहा. हे मी इतक्या तोऱ्यात सांगते की पोरं वहीत उतरवून घेतात.

घरच्या आलेखावर मी नावं लिहिली नव्हती.

बाबा कारखान्यातल्या नोकरीपायी नाशिकहून भोपाळला आले आणि निवृत्तीनंतर नेहरू नगरातच राहिले. साखरेचा आजार जुना. सकाळ-संध्याकाळ बोट टोचून ते आकडा वहीत लिहीत. रात्रीचं इन्सुलिन द्यायचं काम आईचं. डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं, की सकाळची साखर आठवडाभर उतरत गेली तर डोस दोन युनिटांनी कमी करा, चढली तर मला फोन करा. पण बाबांचं अक्षर किरटं आणि आईचे डोळे अधू. तेव्हा शहाणपणा मी केला. दर रविवारी बाबा वहीचा फोटो पाठवत आणि मी आलेख करून आईच्या मोबाइलवर धाडत असे. सकाळची रेषा निळी, संध्याकाळची केशरी. आकड्यांच्या नादी लागू नकोस, निळी रेघ कुठे चाललीय तेवढं बघ, असं मी तिला बजावलं होतं.

मोबाइलवर तिला बारीक दिसायचं, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ती मोठा कागद काढून आणायची आणि फ्रिजवर लावायची. पावसाळ्यात एकदा तो म्हणाला, "आंटी, कलर मशीन बंद है, ब्लैक में निकाल दूँ?" आईने हो म्हटलं. निळी रेघ वरून सुरू होते हे तिला पाठ होतं.

त्या कागदावर सकाळची रेषा वरून खाली आली होती, संध्याकाळची खालून वर. मध्ये दोघी टेकल्या आणि आल्या दिशेला परत फिरल्या. आईला अर्थातच फुली दिसली. तिच्या लेखी सकाळची साखर छान उतरत होती. तिने डोस दोनाने कमी केला. पुढच्या आठवड्यांतही मशीन बंदच होतं आणि त्याच रेषा काळ्यात पुढे वाढत गेल्या; तिने आणखी दोनाने कमी केला, मग आणखी. त्यामुळे सकाळची साखर अजूनच चढली आणि ती चढणारी रेषा आईला संध्याकाळची वाटत राहिली.

बाबांना आकडे ठाऊक होते. ते गप्प बसले, कारण आकडा वाढला म्हटलं की आई चहातली साखर तोडते. आणि मी? माझ्या स्क्रीनवर निळी रेषा लख्ख वर जाताना दिसत होती. पण रविवारची घाई, त्यात मी फक्त आलेख सुबक आलाय ना तेवढं बघितलं आणि पाठवून दिला. मला स्वतःची किळस येते.

चपलेने घासून झालेली जखम भरेना. दिवाळीच्या आधी बाबांचं उजवं पाऊल कापावं लागलं.

डोस कोणी कमी केला, असं डॉक्टरांनी दवाखान्यात विचारलं, तेव्हा आईने पिशवीतून घडी घातलेला कागद काढून पुढे केला. तो काळा कागद मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मलाही फुलीच दिसली. डॉक्टरांनी तो वहीशी ताडून बघितला आणि तुम्ही उलटं वाचलंत हो, एवढंच म्हणाले. मी तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर बाबा आईवर धुसफुसत राहिले. तुला साधं बघता आलं नाही, हे दिवसातून चारदा. मी शिवाजी नगरातल्या माझ्या घरून रोज जायचे, ओठांवर आलेलं गिळून परत यायचे. शेवटी एका दुपारी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत असताना सगळं बोलून टाकलं. तो कागद कोणीही तसाच वाचला असता, आलेख मी निष्काळजीपणे केला होता, चढलेली साखर मला दिसत होती आणि मी बघितली नाही. आताच्या आता बाबांना सांगते म्हटलं.

तिचा हात थांबला नाही. "तुझं तोंड बघून दवाखान्यातच कळलं मला," ती म्हणाली. "त्यांना सांगू नकोस. माझ्यावर चिडायची त्यांना सवय आहे. तुझ्यावरचा विश्वास गेला, तर त्यांच्याकडे उरलं काय?"

तेवढ्यात बाबांनी आतून पाणी मागितलं, आवाजात तीच चीड. आई हात पुसून उठली, आणि मी तिला जाऊ दिलं.