स्टेअरिंगवरचा चरा

एखाद्यावर चोरीचा आळ घ्यायला पुरावा लागत नाही, एक कप चहा पुरतो. मुनीरभाईंबद्दल लिहायला बसलो की माझं डोकं आधी याच गोष्टीनं तापतं.

अंबडला बसस्टँडच्या मागं त्यांचं गॅरेज आणि भिंतीला भिंत लागून माझं सीट कव्हरचं दुकान. मला भागवत म्हणतात. जुन्या गाड्यांवर त्यांच्याइतका हात बसलेला मिस्त्री अख्ख्या जालना जिल्ह्यात नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

काकासाहेबांची पांढरी फियाट त्यांच्या वडिलांच्या वेळची. बारा वर्षांपूर्वी त्यांना हौस आली, की मूळचं मोठं स्टेअरिंग काढून शर्यतीच्या गाडीसारखं छोटं काळं बसवायचं. मुनीरभाईंनी परोपरीनं समजावलं. ऐकतो कोण? स्टेअरिंग काढण्याआधी मुनीरभाई चाकं सरळ करतात आणि स्टेअरिंगवर व ते ज्या दांड्यावर बसतं त्यावर लोखंडी पंचनं समोरासमोर ठिपके ठोकतात, म्हणजे परत बसवताना ते वाकडं बसत नाही. त्या दिवशी पंच घसरला आणि ठिपक्याऐवजी दांड्यावरून स्टेअरिंगवर एक तिरपा चरा ओढला गेला. मुनीरभाई दिवसभर स्वतःवरच चिडले होते. काढलेलं स्टेअरिंग त्यांनी कागदात गुंडाळून माझ्यादेखत डिकीत ठेवलं.

सहा महिन्यांनी काकासाहेबांनी शोधलं, तर डिकीत नाही. झालं! समोर नंदाबाईंच्या हॉटेलात बसून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगून टाकलं, की मिस्त्रीनं विकून खाल्लं. मी जाऊन म्हणालो, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर ते हसले. तुमची भिंत एकच ना, म्हणाले.

पोलिसांत गेले नाहीत. नुसतं बोलत राहिले, दर आठवडी बाजारी, चहाबरोबर. मग गाडी सोडायला येणारे लोक आधी मोबाईलवर गाडीचं शूटिंग करायला लागले. मुनीरभाईंच्या घरून, त्यांच्या बायकोच्या, अकबरबींच्या हातचा शिरखुर्मा दर ईदेला काकासाहेबांकडे जायचा. त्या वर्षी डबा न उघडता परत आला. मुनीरभाईंनी डबा बाजूला ठेवला आणि पाना उचलून पुन्हा कामाला लागले. त्याचाही मला संताप आला.

यंदा संभाजीनगरला जुन्या गाड्यांची रॅली ठरली, आणि गाडीतली प्रत्येक वस्तू मूळचीच हवी असा नियम निघाला. काकासाहेबांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून जुन्या फियाटचं स्टेअरिंग मिळवलं. पण छोटं काळं गंजून इतकं घट्ट बसलेलं, की जालन्यातल्या दोन मिस्त्र्यांनी हात टेकले. तेव्हा साहेबांना मुनीरभाई आठवले आणि फियाट गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

परत पाठवा म्हणून मी कानीकपाळी ओरडलो.

"गाडीनं माझं काय वाकडं केलं, भागवतराव?" एवढंच ते म्हणाले.

काकासाहेबांचा थोरला, कल्याण, शेजारी उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता. मिस्त्रीनं पुन्हा काही ढापू नये म्हणून! काळं स्टेअरिंग तासाभरानं निघालं. मुनीरभाईंनी दांडा रॉकेलनं पुसला, पुण्याचं स्टेअरिंग त्यावर टेकवून थोडं फिरवलं, आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी मला हाक मारली.

दांड्यावरचा अर्धा चरा आणि स्टेअरिंगवरचा अर्धा चरा एकमेकांना येऊन भिडले होते. मध्ये केसाचीही फट नव्हती. हे याच गाडीचं स्टेअरिंग होतं.

काकासाहेबांनी दोनदा वाकून पाहिलं. मग डिकीची दुसरी किल्ली कुणाकडे होती, ते त्यांचं त्यांनाच आठवलं असावं. ते मुलाकडे वळले. कल्याणचा मोबाईल खाली गेला.

"भंगारवाल्याला दिल्तं मी," तो म्हणाला. "जुनं पडून हाये म्हणून. नंतर तुम्ही मिस्त्रीचं नाव घेतलं, मंग मी बोललोच न्हाई."

बारा वर्षं! माझे हात शिवशिवत होते. आणि काकासाहेब काय म्हणाले? जाऊ द्या मिस्त्री, झालं गेलं विसरा, स्टेअरिंग तर बसलं ना.

मुनीरभाईंनी ते शांतपणे परत काढलं आणि काकासाहेबांच्या हातात दिलं.

"हे घेऊन नंदाबाईच्या हाटेलात जा. जिथं बोलले होते तिथंच सांगा. मंग बसवतो."

स्टेअरिंगशिवाय गाडी हलणार कशी? काकासाहेब उघड्या दांड्यासमोर सीटवर घाम पुसत बसून राहिले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शेवटी उठले, स्टेअरिंग काखेत मारून रस्ता ओलांडला. बाजाराचा दिवस, हॉटेल भरलेलं. नंदाबाईंच्या गल्ल्याशी वाकून ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि परत फिरले.

मुनीरभाई गॅरेजच्या दारात हात पुसत उभे होते.

"काकासाहेब, इथवर ऐकू न्हाई आलं," ते म्हणाले. "बारा वर्षं तर बराबर ऐकू येत होतं."