पिवळी बोटं

आज नातीच्या टी-शर्टावर इस्त्री फिरवताना छातीवरचं चित्र तापलं आणि तोच रबर जळाल्यासारखा गोडसर वास आला. हुमनाबादच्या बस स्टँडमागचं आमचं दुकान डोळ्यांपुढं उभं राहिलं.

बनियनवर चित्र उमटवायचं मशीन ह्यांनी हैदराबादहून आणलं होतं. नवी वस्तू म्हणून मी हळदीची बोटं ओढली, ती नेमकी कापडाला टेकणाऱ्या लोखंडी पाट्यावर. पाटा तापल्यावर ह्यांनी दांडा दाबला आणि उचलला. पांढऱ्या बनियनवर वाघ झकास उठला होता, आणि त्याच्याशेजारी माझी पाच पिवळी बोटं.

"पहिलाच माल नासवला की मी," म्हणत मी रडायला लागले.

"कामून रडायलीस? ह्यो मीच घालतो," हे म्हणाले.

हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून तो बनियन ते स्वतः धुऊन घरातच वाळवायचे. तो घालून ते दुकानात बसले की मला चारचौघांत लाज वाटायची. वाघ केव्हाच सोलून गेला, बोटं राहिली.

ते गेले, तेव्हा माझ्या जावेनं मायेनं त्यांचे सगळे कपडे धुतले आणि माळवदावर, कडक उन्हात वाळत घातले.