दादाच्या पोटातलं पाणी

फुलचूरला शेजारच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली आहेत. त्या गोड, जड वासाने मला अजूनही थकल्यासारखं होतं. माझा दादा गोंदियाच्या राइस मिलमध्ये हमाल होता. धानाचं पोतं एकटाच पाठीवर घ्यायचा. रोजच्या मोहाच्या दारूने त्याचं लिव्हर खराब झालं, हात काड्यांसारखे झाले आणि पोटात पाणी भरलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई घालून ते पाणी काढलं, ती दुपार आठवते. पिवळसर पाणी नळीतून बाटलीत उतरत होतं. वहिनी त्याच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून बघत होती. पडलेला खड्डा भरून येत नव्हता.

"कायले रडून राहिली वं?" दादा तिला म्हणाला. "पोट उतरलं न. दिवाळीले घरीच राहीन."

सपाट पोट पाहून मला तो बराच झाला असं वाटलं. मी आनंदाने चहा आणायला उठले. वहिनी मात्र हळदीसारख्या पिवळ्या पडलेल्या त्याच्या डोळ्यांकडे बघत होती.

पोट पुन्हा भरलं, आणि दिवाळीआधीच दादा गेला. त्या दुपारी ती दोघंही एकमेकांना सांभाळत होती, हे मला आता कळतं. पदराने डोळे पुसून वहिनी एवढंच म्हणाली होती, "हो, घरीच राहजा."