संत्र्यातून पाहणारे साडू

सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात संत्री पिकवणारे, विकणारे आणि खाणारे लोक हजारोंनी असतील, पण संत्र्यातून पाहणारा माणूस एकच झाला आणि तो माझा साडू. मी पांढुर्ण्याला एका कापूस व्यापाऱ्याकडे हिशेब पाहतो, त्यामुळे 'एकच' हा शब्द सहसा वापरत नाही. येथे विचार करून वापरला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान ऐंशीच्या दशकात सौंसरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवीत. त्यांच्या हाती संत्रे पडले की ते साल अखंड उतरवीत, फोडी सुट्या होऊ न देता मधला पांढरा दोरा हलकेच ओढून काढीत, आणि ते कडे एका डोळ्याला लावून, दुसरा मिटून, पलीकडून आपल्याकडे पाहत. "दिसलं?" असे विचारीत. पाहत ते असत, पण विचारीत आपल्याला. "असंच भोक पडते, साडभाऊ. जंतूच्या अंगाला. आपल्या रक्तातले प्रोटीन पाडते."

मग ते सगळे सांगत. ही प्रोटीने रक्तात एरवी सुटी सुटी, निरुद्योगी हिंडतात. जंतू भेटला की एक त्याला चिकटते, ते दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटच्या जातीची पुष्कळशी मिळून फोडींसारखी गोल उभी राहून जंतूच्या आवरणातून आरपार उतरतात. मध्ये भोक. त्यातून पाणी आत घुसते, जंतू फुगतो आणि फुटतो. या फोडी नेमक्या किती, असे मी एकदा विचारले.

"बारा ते अठरा."

"नेमक्या?"

"शास्त्रज्ञच अजून भांडून राहिले."

त्यांच्या हातातल्या संत्र्यात दहाच निघाल्या, हे मी मोजून दाखवले.

"तुम्ही जंतू असते तर दहातच फुटले असते," ते शांतपणे म्हणाले.

आवरण म्हणजे काय, हे मात्र संत्र्यात बसत नसे. त्यासाठी त्यांना पंगत लागे. जामसांवलीला एका नातलगाच्या नवसाचे जेवण होते. जागा कमी म्हणून दोन रांगा पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. साडू पान सोडून उठले आणि वाढणारे खोळंबले असताना त्यांनी सांगितले, की जंतूचे आवरण, आणि आपल्या पेशीचेही, असेच असते: चरबीच्या कणांच्या दोन रांगा, तोंडे बाहेर पाण्याकडे, पाठी आत. मधून काही जात नाही. पण आपल्या पेशीला मीठपाणी तर लागते, म्हणून रांगेत जागोजागी प्रोटीनची दारे बसवलेली असतात आणि प्रत्येक दार ठरलेलीच वस्तू सोडते. एवढे बोलून ते दोन्ही रांगांच्या मध्ये आडवे बसले आणि या रांगेकडचे मीठ त्या रांगेकडे देऊ लागले. मागून एका म्हाताऱ्याने वरणाची वाटी पुढे केली. साडूंनी ती परत केली. "काका, इथून मीठच जाते."

"अरे पण मले वरण पाहिजे ना."

"त्याचं दार वेगळं आहे."

हे वेड कधी सुरू झाले, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. कशासाठी, ते नव्हते. त्यांची एकुलती एक मुलगी वंदना. तिला शाळेत असताना मेंदूज्वर झाला. त्यातून उठली, तर पुढे काही वर्षांनी पुन्हा झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी तिचे रक्त मुंबईला तपासून आणले आणि सांगितले, की त्या साखळीतले एक प्रोटीन हिच्या रक्तात नाही. साखळी तिथे तुटते, कडे होत नाही, भोक पडत नाही. इतर जंतूंचा बंदोबस्त शरीर दुसऱ्या मार्गांनी करते. मेंदूज्वराच्या एका जातीचा जंतू मारायला मात्र ते भोकच लागते. एरवी मुलगी ठणठणीत. फक्त तापाबरोबर मान आखडली की घटकाभरही न थांबता दवाखाना गाठायचा. साडूंचे संत्रे तेव्हापासूनचे.

वंदना लग्नाची झाली तेव्हा साडूंनी पहिल्याच स्थळाला हे सांगितले. ते लोक चहा संपवून गेले आणि पुन्हा आले नाहीत. दुसरे स्थळ बोरगावकडचे, घरची संत्र्याची बाग, मुलगा सरळ, आणि वंदनाच्याही मनात भरलेला. माझ्या मेहुणीने मला सकाळीच सौंसरला बोलावून घेतले. "तुम्ही यांच्या बाजूले बसा," ती म्हणाली, "आणि संत्रं हाती येऊ देऊ नका. लग्न झाल्यावर सांगू म्हणा हळूहळू. पोरगी ठीक तर आहे." घरातली संत्री तिने आधीच शेजारी नेऊन ठेवली होती.

मुलाचे वडील आले ते बागेतल्या संत्र्यांची टोपली घेऊनच. ती त्यांनी साडूंच्या पुढ्यात ठेवली. मी टोपली माझ्याकडे ओढली, पण साडूंनी तोवर एक उचलले होते. आतल्या दाराशी मेहुणी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

साडू सोलू लागले. नेहमीची सगळी माहिती नेहमीच्याच क्रमाने आली, पण त्यात एक जड शब्द नव्हता, एक वाक्य जास्तीचे नव्हते. इतकी वर्षे ते आम्हा सर्वांवर तालीम करत होते, हे मला तेव्हा कळले. शेवटी त्यांनी फोडी धरून ठेवणारा अंगठा सैल केला. कडे तळहातावर विस्कटले. "आमच्या वंदूचं असं होते," ते म्हणाले. "जुळत नाही."

मुलाच्या वडिलांनी त्या विस्कटलेल्या फोडींकडे वाकून पाहिले. "औषध हाये?"

"आहे. सुई लवकर द्या लागते, बस. उशीर नाही चालत."

"लेकराबाळाले?"

"बहुतेक काही होत नाही म्हणते डॉक्टर. लिहून देत नाही."

"हं." त्यांनी साडूंच्या तळहातावरची एक फोड उचलून तोंडात टाकली. "आमच्यापाशी जीप हाये, मास्तर. मी तिच्यात डिझल भरूनच ठेवत जाईन."

लग्न उन्हाळ्यात झाले. जेवणाच्या पंगतीत दोन रांगा पाठीला पाठ लावून बसल्या होत्या आणि साडू त्यांतल्या एकीत, आपल्या पानावर, इतरांसारखे बसून जेवले. पुढच्या बहराला ते आमच्याकडे पांढुर्ण्याला आले. बायकोने संत्रे दिले. त्यांनी ते सोलले, फोडी सुट्या केल्या आणि एकेक खाल्ली. मी विचारले, "त्या फोडी किती, ते ठरलं का?"

"ठरलं असंल," ते म्हणाले. "मी पाहिलं नाही मग."

पुढे त्यांच्या व्याह्यांनी मला एक गोष्ट सांगितली. बाजाराच्या दिवशी जीप सौंसरला आली, की साडू शाळा सुटल्यावर तिच्याकडे जातात, टाकीचे झाकण काढतात, आणि एक डोळा मिटून दुसऱ्याने आत पाहत उभे राहतात. आत अंधारच असतो, काही दिसत नाही. व्याही म्हणाले, "आता झाकण मीच काढून ठेवतो."