दगडाखालून निघालेली अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुदखेडच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. रडू आलं नाही, संताप आला. हातातलं डस्टर मी फळ्यावर असं आपटलं की पहिल्या बाकावरची मुलं दचकून मागे सरली. थोरली बहीण गेल्यावर माणसं हंबरडा फोडतात. मला मात्र तिला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. वाचली असती हो ती...

तिचं सासर औशाकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, मेहुणे त्यातच गेले. अक्काला लोकांनी पहारीने दगड सारून बाहेर काढलं तेव्हा तिच्या कुशीत तान्ही सुनंदा होती, जिवंत. नंतर पाहणीला आलेल्या एका पुढाऱ्याच्या अंगावर ती दगड घेऊन धावली होती, असं गावकरी अजून सांगतात. पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, खेड्यापाड्यांतली पोरं डॉक्टर व्हायला खोल्या करून राहू लागली आणि अक्काने मेस काढली. ताटात भाकरी उष्टी टाकली म्हणून तिने एका पोराला उलथनं फेकून मारलं होतं. त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं, आणि संध्याकाळी तोच पहिल्या पंगतीला हजर.

स्वतःच्या जेवणाचे मात्र हाल. शेवटची पंगत उठेपर्यंत पोटात गोड चहाशिवाय काही नाही. मग दुपार टळल्यावर परातभर भात आणि त्यावर पातेल्याच्या तळची तेलकट तर्री. पोट सुटलं, बीपी निघालं, मग साखर. त्यानंतर जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ उठायची आणि पाठीतून खांद्यापर्यंत जायची. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. अॅसिडिटी म्हणत गोळ्या गिळायची.

मी तिला ओढतच नांदेडला नेलं. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, "पोटाचा घेर, साखर, बीपी, रक्तातली चरबी हे सगळं एकत्र आलं की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्यात पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं आणि त्याचे खडे होतात. दिवसभर उपाशी राहिलं की पित्त पित्ताशयातच साचून राहतं. पित्ताची पिशवी काढून टाकू, आणि बाकीचंही आवरायला लागेल."

अक्का हसली. "एवढाली भिंत अंगावर पडली तवा मेले न्हाई मी. हरभऱ्याएवढा खडा काय करतंय मला?"

"अक्का, ऑपरेशन करून घे."

"पोरांची परीक्षा होऊ दे की. मेस बंद ठेवून पोरं उपाशी मारू का?"

परीक्षा झाली, पुढची बॅच आली. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून तिने हुलग्याचं पाणी सुरू केलं. मुतखड्यावर आमच्याकडे घरोघर तेच पितात. खडा म्हणजे खडा, असा तिचा हिशोब. पित्ताशयातला खडा लघवीवाटे जात नाही, हे मी घसा फोडून सांगितलं. शेवटी हुलग्याचं पातेलं लाथेने उडवलं. तिने पळी मारली, माझा दंड काळानिळा झाला. "लई शिकलीस गं," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हुलगे शिजत घातले. पुढे एक खडा घसरून पित्ताच्या नळीत अडकला, स्वादुपिंड सुजलं. आयसीयूत ती सलाइनच्या सुया उपटत होती, नर्सला शिव्या देत होती. मग शिव्याही थांबल्या...

मागच्या आठवड्यात लातूरला गेले. मेस आता सुनंदा चालवते. पंगती उठल्या होत्या, ती ओट्यापाशी उभ्यानेच परातीतला भात कालवत होती. अंगाने आईसारखीच. दोन घास खाल्ले, आणि तिचा डावा हात उजव्या बरगडीखाली गेला.

"काय होतंय?"

"गॅस हाय, मावशी. लई दिवसांचा हाय."

मी परात हिसकावली आणि अंगणात भिरकावली. भात तुळशीपर्यंत उडाला, कुत्री धावली. आता पळी येणार म्हणून मी दंड आवळून उभी राहिले. सुनंदा भिंतीला पाठ टेकून घामाघूम झाली होती, ओठ पांढरे पडले होते.

"मावशी," ती म्हणाली, "आईला असंच व्हायचं का?"

मी होय म्हणून मान हलवली. तिने हात धुतले, गॅस बंद केला आणि दारात घुटमळणाऱ्या पोरांना सांगितलं, "आज रातीला जेवण न्हाई. भायेर खावा." मग दवाखान्याला निघताना दाराच्या खालच्या कडीचं कुलूप माझ्या हातात दिलं, तिला वाकता येत नव्हतं.