लग्नाला व्हाया लंडन

माझी बायको प्रणिता कुठेही वीस मिनिटं आधी पोचते. सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटपासून तिची बुओना व्हिस्टाची प्रयोगशाळा एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, दोन स्टेशनांवर, तरी बाई घरातून तासभर आधी निघतात. काम पेशी वाढवण्याचं, त्यामुळे दिसेल त्यावर तारीख घालायची सवय. आमच्या फ्रीजमध्ये चिंचेच्या कोळावरही मार्करने तारीख असते. बोलणं कमी. भांडायला जावं तर समोरून "असू दे" येतं आणि माझ्यासारख्या तापट माणसाची पंचाईत होते. एकट्याने किती वेळ ओरडणार?

तिची आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ मंदार नऊ वर्षांचा. वडिलांची फिरतीची नोकरी. नाशिकच्या त्या दोन खोल्यांत मंदारचा डबा, गृहपाठ, गोवर-कांजिण्या सगळं हिनेच निस्तरलं. आमचं लग्न ठरलं तेव्हा "मंदारची दहावी होऊ दे" म्हणून तिने मला वर्षभर ताटकळत ठेवलं होतं. मी चिडलो होतो. कशावर चिडायचं हे मला कधीच नीट कळलेलं नाही.

पुढे वडीलही गेले. मंदार शिकायला ऑस्ट्रियात गेला, लिंझ नावाच्या शहरात पोलादाच्या कारखान्यात लागला आणि २०१४ साली त्याने तिथल्याच बिर्गिट नावाच्या मुलीशी लग्न ठरवलं. ऑक्टोबरातला शनिवार, सकाळी साडेदहा, तिथल्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये. आपल्याकडून जाणार कोण? काका-मामांनी फोनवरून आशीर्वाद देऊन हात झटकले. आमचा मुलगा वरुण तेव्हा नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी नोकरीत, त्याला रजा नाही. म्हणजे नवऱ्या मुलाचं म्हणून माणूस एकच, प्रणिता. मी तिच्या मागचा.

महिनाभर तिची तयारी चालली होती. करवली म्हणून भावाच्या पाठीशी उभं राहायचं, तर तांब्याचा छोटा कऱ्हा घेतला, शकुनाचा दिवा घेतला, अक्षतांचं पाकीट भरलं, त्यावर तारीख घातली. आणि एक मंगलाष्टक तिने स्वतः रचलं, आईचं आणि बाबांचं नाव त्यात गुंफून. बाथरूममधून तालमी ऐकू यायच्या. आवाज तिचा बरा आहे, पण आईच्या नावापाशी दर वेळी अडखळायची. मग पहिल्यापासून सुरुवात.

"सोडून दे ना ती ओळ," मी एकदा वैतागून म्हटलं.

"ती ओळ म्हणायलाच चाललेय मी," ती म्हणाली.

योग असा, की त्याच आठवड्यात माझी अ‍ॅमस्टरडॅमला कॉन्फरन्स होती. मी जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर. काय काय बिघडू शकतं याच्या याद्या करणं हा माझा पेशा, त्याचा पगार मिळतो. ठरलं ते असं: दोघांनी अ‍ॅमस्टरडॅमला जायचं, शुक्रवारी सकाळी तिथून ट्रेन पकडायची, फ्रँकफर्टला एकदा गाडी बदलायची, रात्री आठपर्यंत लिंझ. मंदारनेच सगळं शोधून पाठवलं होतं. प्रणिताने त्या ट्रेनचं बुकिंग जोडून व्हिसाचा अर्ज केला.

अर्ज तिचा एकटीचा. आमच्या घरात पासपोर्ट दोन रंगांचे आहेत. मी सिंगापूरचा नागरिक होऊन लाल पासपोर्ट घेतला, तिने भारताचा निळा ठेवला. उद्या परत जायची वेळ आली तर घरात एकाचा तरी असावा, हा सल्ला माझाच. "व्हिसाची कटकट माझ्याकडे लागली, तू बघूही नकोस," असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं. पहिली दोन वर्षं पाळलंही. मग हळूहळू फॉर्म तीच भरायला लागली, कारण माझं अक्षर वाईट.

व्हिसा आला. आणि मग मला अवदसा आठवली. शुक्रवारी सकाळी आमचे रिजनल डायरेक्टर बोलणार होते. त्यांच्या पुढ्यातून बॅग ओढत निघून जायचं माझ्या जिवावर आलं. विमानप्रवासाचे माइल्स साठले होतेच. शोधता शोधता सापडलं: शुक्रवारी दुपारी अ‍ॅमस्टरडॅम ते लंडन, लंडन ते व्हिएन्ना, तिथून तासा-सव्वा तासाची ट्रेन. वेळेत फरक फारतर दीड तासाचा, पण माझी सकाळ मोकळी राहत होती. मी टेबल करून तिला दाखवलं. त्यात एक रकाना 'दमणूक' असाही होता.

"ट्रेन बरी होती रे," ती म्हणाली. "एकदा बसलं की बसलं."

"साडेदहा तास? पाठीचं भरीत होईल."

"लंडन म्हणजे मध्ये दुसरा देश ना? माझा व्हिसा चालेल?"

"अगं, लंडनमध्ये जायचंय कुठे? नुसतं विमान बदलायचं. एअरपोर्टच्या बाहेरसुद्धा पडायचं नाही."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "असू दे" म्हणाली. ट्रेनचं बुकिंग मीच रद्द केलं.

तिने विचारलं होतं, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो. नेमका प्रश्न विचारला होता, आणि तपासायला मला पाच मिनिटं लागली नसती. पण लाल पासपोर्ट हातात आल्यापासून चार वर्षांत मला कुठे कुणी अडवलं नव्हतं. माणसाला अडवतात हेच मी विसरून गेलो होतो.

डायरेक्टरांचं भाषण रटाळ झालं. दुपारी अ‍ॅमस्टरडॅमच्या काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट पाहिला, परत दिला. प्रणिताचा उघडला, पानं उलटली, कुणाला तरी फोन केला. मग शांतपणे सांगितलं, की लंडनला नुसतं विमान बदलायलाही या पासपोर्टला वेगळा व्हिसा लागतो. शिवाय हिचा युरोपचा व्हिसा एकदाच आत शिरण्याचा. एकदा लंडनला गेली की तो संपला, मग ऑस्ट्रियात कोण घेणार?

मी ओरडलो. ती मुलगी बिचारी काय करणार? मी तिच्या साहेबांवरही ओरडलो. प्रणिता एका बाजूला बॅगेवर हात ठेवून उभी होती. व्हिएन्नाची संध्याकाळची थेट विमानं भरलेली. ट्रेनने फ्रँकफर्ट गाठता आलं असतं, पण पुढची लिंझची गाडी निघून जाणार होती. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळच्या थेट विमानात एक जागा मिळाली. लिंझला पोचेस्तोवर साडेबारा.

"तू जा," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? मी थांबतो."

"दोघंही नसलो तर त्याच्या मागे कोण उभं राहील?" तिने बॅग उघडली, कऱ्हा, दिवा, अक्षता आणि मंगलाष्टकाचा कागद माझ्या हातात दिला. "आईच्या नावापाशी सावकाश घे. तिथे ताल चुकतो."

मी गेलो. बोर्डिंग पास घेतला, तिला एअरपोर्टजवळच्या एका हॉटेलचं नाव सांगितलं आणि गेलो. एक मन म्हणत होतं, हेच बरोबर आहे, ती म्हणतेय ते खरं आहे. दुसरं मन म्हणत होतं, सुटलास. हे दुसरं मन जास्त खरं होतं, कारण तिच्या शेजारी रात्रभर बसायची माझी हिंमत नव्हती. लंडनहून फोन केला तर तिने पहिलं काय विचारलं असेल? "खाल्लंस का?"

लिंझच्या त्या हॉलमध्ये मंदारने अधिकाऱ्याला दोनदा विनवलं, दोन तास पुढे ढकलता येईल का. अधिकारी चांगला माणूस होता, पण पाठोपाठ दुसरी लग्नं होती. दिवा लावायला परवानगी नव्हती. मी न पेटवलेला दिवा आणि कऱ्हा घेऊन, पन्नाशीला आलेला टक्कल पडलेला करवला, मेव्हण्याच्या मागे उभा राहिलो. बिर्गिटची माणसं प्रेमाने हसली. मग कागद काढला. मला गाता येत नाही. प्लांटमध्ये सायरन वाजल्यावर कुठे जमायचं याची सूचना वाचतो तसं मी ते मंगलाष्टक वाचलं, आणि आईच्या नावापाशी सावकाश घ्यायचं विसरलो. मंदारची पाठ माझ्याकडे होती. त्या नावाला ती थरथरली, तेवढं मला दिसलं.

साडेबाराला स्टेशनवर मंदार आणि बिर्गिट लग्नाच्या कपड्यांतच तिला घ्यायला गेले. ती पहाटेपासून पैठणी नेसून आली होती, वर माझं जुनं जाकीट. मंदार तिला धरून लहान मुलासारखा रडला. ती नाही रडली. त्याचे केस नीट केले, बिर्गिटच्या हातात बांगड्या घातल्या. अक्षता टाकायला पाकीट मागितलं, तर मी सगळ्या वाटून टाकल्या होत्या.

"मंगलाष्टक कसं झालं?" तिने मला हळूच विचारलं.

"छान झालं," मी म्हटलं.

परतताना विमानात ती बारीकसारीक विचारत होती. हॉल केवढा होता, बिर्गिटची आई कुठे बसली होती, सही करताना मंदारचा हात कापत होता का. मला वाटलं, मन हलकं करतेय. चौकशीमागचं कारण मला पुढच्या वर्षी कळलं.

गणपतीला आमच्याकडे मंडळी जमली होती. टीव्हीवर लग्नाचे फोटो लावले. आमच्याच ब्लॉकमधली स्मिता फोटोतल्या माझ्याकडे बोट दाखवत हसत सुटली. "अगं, कऱ्हा संजीवच्या हातात? करवली कुठाय?"

माझ्या हातातला मोदक तसाच राहिला. आता सांगून टाकावं, असं मनात आलंही.

"फोटो काढायला नको का कुणी?" प्रणिता म्हणाली. "म्हटलं, धर तू जरा. तर हा हलेचना तिथून!" मग तिने सगळं लग्न सांगितलं. हॉलमधली थंडी, अधिकाऱ्याचा नाकावर घसरणारा चष्मा, सही करताना कापणारा मंदारचा हात. माझ्यापेक्षा किती तरी चांगलं सांगितलं. मंगलाष्टकही म्हणून दाखवलं, आईच्या नावापाशी न अडखळता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

निघताना स्मिता म्हणाली, "पुढच्या मेमध्ये आम्ही युरोपला जायचं म्हणतोय. ट्रेन घ्यावी की फ्लाइट, काही कळत नाही बघ."

"संजीवला विचार ना," प्रणिता म्हणाली. "तो सगळं नीट बघून देतो."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा नव्हता.