गोष्टींचं गोदाम कुठं आहे?

काही माणसं खुर्चीत बसतात ती काम करायला नाही, दुसऱ्याचं काम कुठं अडवता येईल ते बघायला. नाव घेत नाही. ज्यांना लागायचं त्यांना लागेल!

मी जालना रोडवर, चिकलठाण्याच्या पुढं, एका सरकारी प्राधिकरणात कंत्राटी समन्वयक आहे. मुक्त क्षेत्र आणि सर्जनशील उद्योग, दोन्ही आमच्याच अखत्यारीत. म्हणजे परदेशात माल विकणाऱ्यांना करात सूट आणि गाळा द्यायचा. त्यात आता सिनेमा, संगीत, आवाज असली कामं करणारेही घ्यायचे. रुजू झाले तेव्हा वाटलं होतं, आता इथल्या पोरापोरींना पुण्याला पळावं लागणार नाही! झालं काय, तर नुसते किस्से जमत गेले. एक मैत्रिणींना सांगून हसून घ्यावं, तोवर दुसरा तयार. हल्ली हसूही येत नाही.

यातले बहुतेक नाझियाचे. माझी कॉलेजातली मैत्रीण. बँकेतली नोकरी सोडून, अब्बांचा राग ओढवून घेऊन तिनं आमच्याकडं गाळा घेतला. लहान मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करते, मराठीत आणि दखनीत. आखाती देशांत राहणारी आपल्याकडची कुटुंबं त्या विकत घेतात. आमची अट एकच: पाहणीच्या वेळी गाळा चालू दिसला पाहिजे. नाहीतर काढून घेणार!

* * *

पहिल्याच दिवशी आमच्या साहेबांनी तिला विचारलं, "कच्चा माल काय?"

"गोष्टी."

"कुठून आणता?"

"फुलंब्रीहून. माझी खाला, म्हणजे मावशी, सांगते."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. "आणि साठवता कुठं? गोदाम आहे?"

नाझिया म्हणाली, "खाला आहे ना, साहेब!"

साहेबांनी लिहून घेतलं: गोदाम फुलंब्री येथे.

* * *

तिची पहिली ऑर्डर दुबईला गेली, इंटरनेटवरून. दोन दिवसांनी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. चेहरा असा, जणू हिनं सोनं पळवलंय!

"गेटवर नोंद नाही. मग माल बाहेर गेला कसा?"

"ऑनलाइन गेला, साहेब."

"ते ठीक आहे. पण कोणत्या गेटनं?"

मी म्हटलं, "साहेब, आवाजाला गेट नसतं!" साहेब म्हणाले, "तुम्ही नवीन आहात."

शेवटी तोडगा निघाला. गोष्टी पेनड्राइव्हवर घ्यायच्या, पेनड्राइव्ह खोक्यात ठेवायचा, खोक्याला सील लावून गेटबाहेर न्यायचं आणि दुसऱ्या गेटनं परत आणायचं. गेटवरच्या बन्सीकाकांनी खोकं उचलून हलवलं. "ताई, ह्याच्यात तर कायच नाय!"

नाझिया म्हणाली, "काका, त्यात बावीस गोष्टी आहेत."

काकांनी खोकं अलगद खाली ठेवलं. "मग जपून न्या. एखादी सांडायची."

* * *

मधे एकदा 'सर्जनशीलता' या विषयावर बैठक झाली. साहेब म्हणाले, "तरुणांनी नवीन कल्पना मांडाव्यात!" मी तयारीच करून गेले होते. उठले आणि म्हणाले, आवाज आणि चित्रं यांच्यासाठी वेगळे नियम करू या. लोखंडाच्या सळ्यांचे नियम गोष्टींना लावू नका.

"उत्तम कल्पना," साहेब म्हणाले. "आधी कुठं असं झालंय का?"

"नाही, सर. म्हणूनच नवीन आहे."

"मग नाही करता येणार."

पुढचा विषय: चहा.

* * *

मग आली पाहणी. नाझियाचं दार बंद, वर लाल दिवा. साहेबांनी दाराला कान लावला.

"आवाज नाही."

"सर, आत रेकॉर्डिंग चाललंय."

"मग आवाज का नाही?"

"बाहेरचा आत आणि आतला बाहेर जाऊ नये, म्हणूनच तर भिंतींना फोम लावलाय!"

"का? लपवण्यासारखं काय आहे?"

"दिवा विझला की आत येऊन बघा ना, सर. पाच मिनिटं!"

"चालू युनिट बाहेरूनच कळतं," म्हणत साहेबांनी शेजारच्या गाळ्याकडं बोट दाखवलं. तिथं पत्रा कापत होते. मग तिथंच उभ्या उभ्या शेरा लिहिला: आवाज नाही, सबब गाळा बंद. फेरपाहणीतही बंद आढळल्यास ताबा घ्यावा.

दिवा विझला. नाझिया हसत बाहेर आली. "यार, आज क्या मस्त टेक हुआ! एक पण चूक नाही."

तिला हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. ती पायरीवर बसली. "अब्बांना काय सांगू?" एवढंच म्हणाली.

* * *

मी संतापून चार पानी निवेदन लिहिलं. नाझियानं ते वाचलंही नाही. फेरपाहणीच्या सकाळी बघते तर गाळ्यासमोर कन्नड गावचा लग्नातला बँड! क्लॅरिनेट, ताशा, दोन ढोल.

"हे खोटं आहे, नाझिया!"

"सच्ची चुप्पी की सजा मिली ना? अब झूठा शोर सुनने दे उनको."

साहेबांना त्याच आठवड्यात बढती मिळाली होती. कशाबद्दल, ते मला विचारू नका! स्टाफनं गेटवरच फेटा बांधला, गळ्यात भलामोठा हार घातला. तशाच थाटात साहेब गाळ्यासमोर आले आणि बँडनं जो दणका दिला, की शेजारचे पत्रेवालेही काम सोडून बाहेर आले. मी ओरडत होते, "सर, आत चला! एकदा आत बघा!" माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

साहेब ताशाच्या ठेक्यावर मान डोलवत उभे राहिले. मग शेरा लिहिला: गाळा जोरात चालू. फेट्याला हात लावत गाडीत बसले आणि गेले.

नाझिया दाराला टेकून डोळे मिटून उभी होती. बँडमास्तर कपाळाचा घाम पुसत तिच्याजवळ आले.

"ताई, नवरदेव तर गाडीत बसून गेले की! नवरी कुठं हाय?"